किमतीचा अंदाज आणि जकातीची भिंत

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात देशातील मोटारशौकिनांना एका प्रश्नाने झपाटले होते. स्कोडा कंपनीची ‘ऑक्टाव्हिया आर.एस.’ ही शर्यतीच्या ढंगाची मोटार परदेशातून पूर्ण तयार स्थितीत भारतात येणार होती आणि संपूर्ण देशासाठी तिचे अवघे शंभर नग राखून ठेवण्यात आले होते. तिची येथील किंमत काय असेल, हा तो प्रश्न. ६ ऑक्टोबरला अडीच लाख रुपये भरून नोंदणी सुरू झाली; किंमत जाहीर झाली १७ तारखेला. तोपर्यंत शंभरच्या शंभर मोटारी नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे ज्यांनी मोटार घेतली त्यांना किंमत ठाऊक नव्हती, आणि जे किमतीचा कीस काढीत बसले होते त्यांपैकी बहुतेकांना मोटार घ्यायची नव्हती.

नोंदणी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, महाराष्ट्र शासनाने अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांसाठी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाडा धुऊन नेला होता. पैठणच्या नाथसागरातून गोदावरीत सोडलेल्या पाण्याने काठची शिवारे बुडाली होती. या घोषणेनुसार कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीच्या पेरणीसाठी आणखी दहा हजार, असे १८ हजार ५०० रुपये पडावयाचे होते, तेही जास्तीत जास्त तीन हेक्टरांपुरते. तीन हेक्टर कापूस पाण्यात गेलेल्या कुटुंबाचा हिशेब ५५ हजार ५०० रुपयांवर थांबतो. मोटारीची नुसती नोंदणी-रक्कम याच्या साडेचारपट होती. दोन्ही घोषणा एका आठवड्यातल्या, ही केवळ पंचांगातील जुळणी आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु पंचांगे अशी वारंवार जुळू लागली की, त्यामागची अर्थव्यवस्था तपासणे भाग पडते.

छत्रपती संभाजीनगराशी, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादशी, या मोटारीचे नाते केवळ गिऱ्हाइकाचे नाही. शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि भारतात विकली गेलेली त्या कंपनीची पहिली मोटार ‘ऑक्टाव्हिया’च होती. परदेशातून आलेले भाग शेंद्र्यात जुळविले जात. पुढे ऑडीच्या मोटारीही तेथेच जुळू लागल्या. २०१७ साली याच ‘ऑक्टाव्हिया’ची शर्यतीच्या ढंगाची आवृत्ती शेंद्र्यातून जुळून बाहेर पडली, तेव्हा तिची किंमत होती २४ लाख ६२ हजार. २०२० साली तिची पुढची आवृत्ती जुळणीसाठी आली नाही, तयार होऊन जहाजातून उतरली. नग दोनशे आणि किंमत ३५ लाख ९९ हजार. २०२५ साली नग शंभर, किंमत ४९ लाख ९९ हजार. आठ वर्षांत किंमत दुपटीवर गेली. या वाढीत महागाई आहे, रुपयाची घसरण आहे आणि यंत्रातील सुधारणाही आहे. पण मुख्य फरक असा की, शेंद्र्याच्या कामगाराचा हात तिच्यावरून निघून गेला आणि त्याच्या जागी जकातीचा आकडा येऊन बसला.

अंदाज बांधणाऱ्या तरुणांना हे सारे मुखोद्गत असते. त्यांची बुद्धी कमी लेखण्याचे कारण नाही. एखाद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लाजवील इतक्या सफाईने ते हिशेब मांडतात. उदाहरणादाखल, बंदरात उतरताना एखाद्या मोटारीचे मोल वीस लाख रुपये धरावे. जिचे मोल चाळीस हजार डॉलरांच्या आत आहे अशा तयार मोटारीवर आयात-शुल्क सत्तर टक्के, म्हणजे चौदा लाख. झाले चौतीस लाख. त्यावर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १३ लाख ६० हजार. एकूण ४७ लाख ६० हजार. विक्रेत्याचा वाटा धरला की आकडा पन्नाशीच्या उंबरठ्यावर येतो. चाळीस हजार डॉलरांच्या वरच्या मोटारींना फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क सत्तर टक्के आणि शेती-पायाभूत सुविधांच्या नावाचा अधिभार चाळीस टक्के, मिळून एकशे दहा टक्के भरावे लागतात. ही बेरीज अर्थसंकल्पापूर्वीही तेवढीच होती. फक्त डाव्या खिशातील नाणे उजव्या खिशात गेले. राज्यांना वाटून द्यावा लागणारा मूळ शुल्काचा भाग आक्रसला आणि केंद्राला एकट्याला ठेवता येणारा अधिभार वाढला. मोटारीच्या किमतीत याने एका रुपयाचाही फरक पडला नाही, म्हणून अंदाज करणाऱ्यांनी त्याकडे पाहिले नाही. राज्यांनीही फारसे पाहिले नाही.

वरच्या उदाहरणात वीस लाखांची मोटार आणि साडेसत्तावीस लाखांहून अधिक कर. यावरून अंदाजाच्या खेळाचा शेवट ठरावीक वाक्याने होतो : सरकार लुटते आहे. हे वाक्य मध्यमवर्गाच्या घराघरांत इतके रुजले आहे की, ज्याने आयुष्यात मोटारसायकलपलीकडे वाहन घेतले नाही तोही ते तळमळीने उच्चारतो. वस्तुतः या पन्नास लाखांत समाजाच्या मालकीचा जो काही भाग आहे तो एवढाच. उरलेले मोल परदेशी कारखानदाराचे, जहाज कंपनीचे, विम्याचे आणि विक्रेत्याचे. ज्या भागातून शाळेचा फळा, आरोग्यकेंद्रातले औषध आणि वाहून गेलेल्या बांधाची डागडुजी होऊ शकते, नेमक्या त्याच भागाला लूट म्हणावयाचे आणि नफ्याच्या भागाला ‘मूळ किंमत’ म्हणावयाचे, ही भाषा कोणाच्या सोयीची आहे हे सांगावे लागू नये. तो पैसा त्या कामांवरच खर्च होतो असे नाही, हा आक्षेप योग्य आहे. पण तो आक्षेप खर्चावर आहे, करावर नाही.

महाराष्ट्राला तर या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे आणि तो मराठवाड्याने विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो स्त्रीपुरुषांनी कामाचा हक्क मागितला. वि. स. पागे यांनी चिकाटीने पुढे रेटलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात उतरली. तिचा पैसा आभाळातून पडणार नव्हता. त्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला, बागायती जमिनीवर आकारणी आली आणि मोटार वाहनांवर वाढीव कर आला. जेवढे या करांतून जमेल तेवढेच शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाचे, अशी रचना होती. मुंबईच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीने भूम-परंड्याच्या नालाबंडिंगची मजुरी द्यावी, हे त्या काळी विधिमंडळाला विचित्र वाटले नाही. मोटारीवरील कराला लूट म्हणणाऱ्यांनी ही मजुरी कोणी दिली असती तेही सांगावे.

आणि लूट म्हणावयाचीच तर तिला मर्यादा आहे, ही गोष्ट अंदाजाच्या खेळात सहसा सांगितली जात नाही. महाराष्ट्रात वाहनाच्या नोंदणीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या एकरकमी मोटार वाहन कराला कमाल मर्यादा आहे. ती वीस लाख रुपये होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीस लाख करण्यात आली. वाढ झाली हे चांगलेच. पण मर्यादा राहिली. म्हणजे तीन कोटींच्या मोटारीवर हा कर पडतो दहा टक्के, सहा कोटींच्या मोटारीवर पाच टक्के, आणि मोटार जितकी अधिक महाग तितका मालकाचा भार हलका. वाळूजच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या शंभर सी.सी.वरील मोटारसायकलला मात्र दहा टक्क्यांहून अधिक दराने कर द्यावा लागतो आणि त्याच्यासाठी कोणतीही कमाल मर्यादा नाही, कारण त्याच्या किमतीला ती कधी लागणारच नाही. राममनोहर लोहियांनी व्यक्तिगत खर्चावर कमाल मर्यादा घालण्याची मागणी केली, तेव्हा ती अव्यवहार्य म्हणून हसण्यावारी नेण्यात आली. मर्यादा अव्यवहार्य नव्हती. ती फक्त खर्चाऐवजी करावर घालण्यात आली.

सवलतीचे हे तत्त्व नवे नाही. सचिन तेंडुलकर यांना ‘फेरारी ३६० मोडेना’ ही मोटार भेट मिळाली तेव्हा, २००३ साली, तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयात-शुल्क माफ करण्याचे केंद्र शासनाने ठरविले. मोटारीच्या मोलाहून शुल्क मोठे होते. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, गदारोळ उठला आणि अखेर शुल्काचा भार भेट देणाऱ्या कंपनीने उचलला. दोष खेळाडूचा नव्हता. मैदानात त्याने देशाला जे दिले ते कोणत्याही जकातीत मोजता येणार नाही. प्रश्न होता तो माफी देणाऱ्या हाताच्या तत्परतेचा. सावकाराच्या पाशातील शेतकऱ्याला कर्जमाफी द्यावयाची म्हटले की, अभ्यासगट नेमले जातात, पात्रतेचे निकष ठरतात, अंगठ्याचे ठसे जुळवून पाहिले जातात.

औरंगाबादला याहून मोठा धडा २०१० साली मिळाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शहरातील उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच वेळी घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. सामूहिक खरेदीमुळे कंपनीकडून सूट मिळाली आणि स्टेट बँकेकडून मोठा भाग कर्जरूपाने मिळाला, तो सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त या मोटारींची गाठ ट्रॅक्टरशी घालून दाखविली, तेव्हा देशाला कळले की, त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी चढे व्याज मोजावे लागत होते. सहकार हा शब्द ज्या महाराष्ट्राने देशाला आचरून दाखविला, त्या महाराष्ट्रात सामूहिक खरेदीचे सर्वांत गाजलेले उदाहरण मर्सिडीजचे निघावे! शहराचे नाव मात्र झाले. मागास विभागातले शहर कसे पुढे गेले याचा दाखला म्हणून तो सौदा आजही अभिमानाने सांगितला जातो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचावर आला. ही मागणी जुनी होती आणि तिचे स्वागत आहे. पण त्याच दिवशी चैनीच्या मोठ्या मोटारींवरील कर आणि उपकर मिळून जो ४८ ते ५० टक्के भार होता तोही चाळीसवर आला. विजेवर चालणारी मोटार तर, ती कितीही लाखांची वा कोटींची असो, ट्रॅक्टरच्याच पाच टक्क्यांच्या पंक्तीला बसली आहे.

या जकातीच्या भिंतीला आणखी एक दार आहे, आणि ते थेट शेंद्र्याकडे उघडते. तयार मोटारीवर जबर शुल्क, तर जुळणीसाठी आणलेल्या भागांवर कमी, हे धोरण यासाठी की काम येथे यावे. भागांतही पुन्हा भेद आहेत. संपूर्ण मोटारीचा सुटा संच आणला तर तीस-पस्तीस टक्के आणि निरनिराळे भाग म्हणून आणले तर पाच ते पंधरा टक्के. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीवर सुमारे १४० कोटी डॉलरांची नोटीस बजावली. मोटारींचे जवळजवळ पूर्ण संच वेगवेगळ्या खेपांत ‘सुटे भाग’ म्हणून आणून कमी शुल्क भरल्याचा आरोप तीत होता. कंपनीने तो साफ नाकारला आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आरोप खरा की खोटा हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. मात्र एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. हा सारा वाद पेट्यांत काय होते याचा आहे; पेट्या उघडून जुळणी करणाऱ्यांच्या हाताला पंचवीस वर्षांत काय मिळाले, हा प्रश्न त्यात कोठेच नाही.

तो प्रश्न आता दारात येऊन उभा आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात तेथील मोटारींवरील शंभर टक्क्यांहून अधिक असलेले शुल्क ठरावीक संख्येच्या आत दहा टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे मान्य झाले. २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. तीतही टप्प्याटप्प्याने आणि वर्षाला अडीच लाख मोटारींच्या मर्यादेत शुल्क दहा टक्क्यांवर आणण्याचे ठरले. अंदाज बांधणाऱ्यांनी लगेच नवा हिशेब मांडला. वीस लाखांची तीच मोटार दहा टक्के शुल्काने बावीस लाख होते आणि चाळीस टक्के करासह ३० लाख ८० हजार. म्हणजे जवळजवळ सतरा लाखांची स्वस्ताई! हे सतरा लाख कोणाच्या खिशातून जातात, एवढे विचारण्याचे भान आनंदात राहत नाही. त्यांतील प्रत्येक रुपया सार्वजनिक तिजोरीतला आहे.

तिजोरीचे एक वेळ बाजूला ठेवू. तयार मोटार दहा टक्क्यांत उतरू लागली, तर महागड्या मोटारींची जुळणी शेंद्र्यात कशासाठी करावयाची? भागांवरचे शुल्कही पुढे नाहीसे होणार आहे, संख्येची मर्यादा आहे, असे दिलासे दिले जातात. ते खरेही ठरोत. पण ‘ऑक्टाव्हिया आर.एस.’ने, भिंत पूर्ण उंच असतानाच, २०१७ ते २०२० या तीन वर्षांत शेंद्र्याचा रस्ता सोडून बंदराचा रस्ता धरला. खप थोडा असला की जुळणीची यंत्रणा परवडत नाही, हा कारखानदाराचा साधा हिशेब आहे. भिंत उतरल्यावर तो आणखी किती मोटारींना लागू होईल याचा अंदाज मात्र कोणी बांधीत नाही. शेंद्रा-वाळूजच्या पट्ट्यातील तरुण कामगारांपैकी कितीतरी जण कंत्राटावर आहेत, प्रशिक्षणार्थी म्हणून राबत आहेत. काम कमी झाले तर त्यांना काढावे लागत नाही; पुढच्या महिन्यापासून बोलावले नाही की झाले. करारावर सह्या करणाऱ्यांनी कामगार संघटनांना विचारले होते काय?

भिंतीचा खरा अर्थ कापसाने शिकविला. मोटारीवर सत्तर ते एकशे दहा टक्के शुल्क असताना परदेशी कापसावर होते अवघे अकरा टक्के. अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लादल्यावर कापडगिरण्यांना दिलासा म्हणून केंद्र शासनाने १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शून्यावर आणले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग, दहा दिवस उलटण्याच्या आत, ३१ डिसेंबरपर्यंत. ती मुदत म्हणजे मराठवाडा-विदर्भातील वेचणीचा ऐन हंगाम. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८ हजार ११० रुपये असताना खुल्या बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी घ्यावे लागले. कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांवर ओलावा गेला की भावात कपात आणि बारा टक्क्यांवर गेला की माल परत, ही अट त्या पुराच्या वर्षीही कायम होती. मोटारीची भिंत उतरविण्यासाठी वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या, शिष्टमंडळे गेली-आली, कारखानदारांचे म्हणणे ऐकले गेले, टप्पे ठरले, संख्या ठरली. कापसाची भिंत एका अधिसूचनेने पडली.

लोहियांच्या ‘दाम बांधो’ धोरणात ही दोन्ही टोके एकत्र होती. कारखान्यातील वस्तूची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये आणि शेतमालाचा भाव हंगामागणिक कोसळू नये. आज शौकिनाच्या मोटारीची किंमत दोन-चार लाखांच्या फरकाने आधीच ओळखता येते, कारण तिचा प्रत्येक घटक छापील आहे. पैठणच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या कापसाचा भाव पेरताना कळत नाही, वेचताना कळत नाही, आणि कळतो तेव्हा गाडी जिनिंगच्या फाटकाशी उभी असते.

आयात-शुल्काचा अधिकार केंद्राचा आहे आणि करारांवर तेथे लढावे लागेल. परंतु मोटार वाहन कर हा राज्यघटनेतील राज्यसूचीचा विषय आहे. वस्तू व सेवा करानेही तो राज्याकडून काढून घेतलेला नाही. तीस लाखांची कमाल मर्यादा रद्द करण्यासाठी दिल्लीला विचारावे लागत नाही, परदेशाशी बोलावे लागत नाही. त्यातून येणारी रक्कम १९७७ च्या धर्तीवर अतिवृष्टीग्रस्त तालुक्यांतील जमीन-दुरुस्तीच्या मजुरीसाठी वेगळी काढावी, असा ठराव कोणत्याही अधिवेशनात मांडता येईल. मराठवाड्यातून विधानसभेवर शेहेचाळीस आमदार निवडून जातात.